सखुबाईची काळी भुकटी

सखुबाई पाष्टेच्या घरामागून धूर निघाला की वालधुनीच्या वस्तीतली माणसं नाक वर करून वास घ्यायची. गोडसर, करपट, तेलकट असा तो वास. कुणाला तो गुळाचा वाटे, कुणाला नवसागराचा. एकोणीसशे एक्कावन्न साल होतं. मुंबई राज्यात दारूबंदी कडक होती, आणि खड्डा, धूर न् एकटी विधवा बाई एवढं एके जागी दिसलं की हातभट्टीशिवाय दुसरं काही कुणाच्या डोक्यात येत नसे.

सखुबाई जाळायची त्या नारळाच्या करवंट्या. पण हे ती कुणाला समजावत बसली नव्हती. कुणाला काही सांगायचं म्हणजे पुढचा त्याचं काय करील, हा विचार आधी तिच्या मनात यायचा.

ती अशी पहिल्यापासून नव्हती. मूळची गुहागरकडची, लग्न होऊन कल्याणला आली. नवरा मारुती लोकोशेडमध्ये कामाला होता. सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात दोन डब्यांच्या मध्ये सापडून गेला. दिवसकार्याला ती गावी गेली तेव्हा धाकट्या दिराने ‘रेल्वेचे कागद आहेत’ म्हणून तिचा अंगठा घेतला. पुढच्या शिमग्याला तिला कळलं की सासरच्या घरातला आपला वाटा आपणच सोडून दिलाय. ती भांडली नाही. गाठोडं उचललं, कल्याणला परत आली आणि वालधुनीच्या नाल्याकाठी एका खोलीत राहायला लागली. त्यानंतर दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघणं, पोस्टमनने वाचून दाखवलेलं पत्र शेजारच्या गोदूबाईच्या हेमाकडून पुन्हा वाचून घेणं, असं सगळं सुरू झालं. वस्तीत तिला ‘संशयी सखू’ म्हणायचे. तिच्या कानावर ते आलं होतं. तिला त्याचं काही वाटत नसे.

पोटासाठी ती पारनाक्याजवळच्या विमलाबाईंच्या खानावळीत लागली. नारळ खवायचे, वाटण वाटायचं, भांडी आवरायची. जेवायला रेल्वेतले कारकून, दोन-चार शाळामास्तर, पेढीवरचे गुमास्ते. रोजचे पंधरा-वीस नारळ फुटत आणि करवंट्या मागच्या उकिरड्यावर जात. एक दिवस नाक्यावरचे म्हातारे सोनार जेवून हात धुताना म्हणाले,

“बाई, ह्या करवंट्या फेकता कशाला? कोळसा करून द्या की मला. लाकडाच्या कोळशापेक्षा ह्याची आच चढते, राखही थोडी पडते.”

सखुबाईने मान हलवली, पण लगेच हो म्हटलं नाही. सोनाराला आपल्याकडून नक्की काय हवंय, हे तिला कळेना. दोन दिवस जाऊन तिने गावातल्या आणखी दोघा सोनारांना विचारलं. दोघांनीही तेच सांगितलं, तेव्हा कुठे तिने खोलीमागे कंबरभर खड्डा खणला.

पहिल्या खेपेला सगळी राख झाली. दुसऱ्या खेपेला अर्ध्या करवंट्या कच्च्या राहिल्या. मग हळूहळू तिला समजलं. आधी पांढरा, दाट, डोळ्यांत झोंबणारा धूर येतो. तो विरळ होऊन निळसर झाला की खड्ड्यावर पत्रा टाकायचा, वर ओली गोणपाटं, वर चिखल. वारा शिरायला सुईएवढी फट ठेवायची नाही. मग दोन दिवस हातही लावायचा नाही. उघडल्यावर करवंट्या काळ्याभोर, हलक्या झालेल्या आणि एकमेकींवर आपटल्या तर काचेसारख्या वाजणाऱ्या.

सोनार खूश झाले. परीटही मागायला लागले. आणि मग एका दुपारी हवालदार आला.

बरोबर दोन शिपाई, हातात काठ्या. खड्डा आदल्याच दिवशी लिंपलेला.

“काय पुरलंय आत?” हवालदाराने विचारलं.

“कोळसा हाय साहेब. करवंट्यांचा. आता उघडू नका, वारा लागला तर सगळा जळून जाईल. उद्या या, मी स्वतः उघडून दाखवते.”

“उद्या? म्हणजे तोवर माल हलवायला बरं.”

शिपायांनी चिखल फोडला, पत्रा ओढला. खड्डा क्षणभर काळा दिसला. मग खालून लाली पसरत वर आली आणि बघता बघता सगळ्या करवंट्या पेटल्या. सखुबाईने घागरभर पाणी आणून ओतलं, पण त्याने काही होणार नव्हतं. चार आठवड्यांच्या जमवलेल्या करवंट्या तासाभरात राख झाल्या. शिपायांनी राखेत काठ्या खुपसून पाहिल्या, नाल्याकाठचं गवत तुडवलं, खोलीतला हंडा हुंगला. कुंपणाशी उभी असलेली वस्ती बघत होती.

“आज काही सापडलं नाही,” जाताना हवालदार म्हणाला. ‘आज’ या शब्दावर त्याने असा जोर दिला की कुंपणापलीकडच्या दोघीतिघींनी माना डोलावल्या.

गोदूबाई तेवढी आत आली. शेजारच्या खोलीत राहायची. नवरा दम्याने अंथरुणाला खिळलेला, एक मुलगी हेमा शाळेत जाणारी. तिने न विचारता झाडू घेतला आणि राख गोळा करायला लागली. “भांड्यांना तरी होईल,” म्हणाली. सखुबाई तिच्याकडे बघत राहिली. हिला काय पाहिजे असेल, हा विचार तेव्हाही तिच्या मनाला शिवून गेला.

त्यानंतर पंधरवड्यात गोपीनाथ आला. पांढरी विजार, तेल लावून मागे फिरवलेले केस, हातात छत्री. सोनाराच्या दुकानात त्याने करवंटीचा कोळसा बघितला होता म्हणे.

“कोळसा नको मला,” तो म्हणाला. “कच्च्या करवंटीची भुकटी पाहिजे. मैद्यासारखी बारीक, वस्त्रगाळ. महिन्याला तीन गोण्या. करवंट्या कमी पडल्या तर मी पाठवीन.”

“कशाला लागते?”

“ठाण्याला बॅकेलाइटचा कारखाना आहे. बटणं करतात, छत्रीच्या मुठी करतात. त्या मसाल्यात ही भुकटी घालतात. बॅकेलाइट म्हणजे राळ साच्यात तापवून केलेलं कडक प्लॅस्टिक, त्याच्या मसाल्यात.”

“नाव काय कारखान्याचं?”

“नाव घेऊन तुम्ही काय करणार मावशी? तुम्हाला कामाशी काम. आणि हो, दळायच्या आधी करवंटी तव्यावर जरा शेकून घ्या. तांबूस रंग आला पाहिजे. करपवू मात्र नका.”

बटणाला तांबूस रंग कशाला, हे सखुबाईच्या मनात आलं. तिने ते मनातच ठेवलं. खड्ड्यावर पुन्हा कधी धाड पडेल याचा नेम नव्हता, आणि भुकटीला धूर लागत नव्हता.

काम मोठं जड होतं. करवंट्यांवरचा काथ्या खरवडायचा, हातोडीने तुकडे करायचे, शेकायचे, लोखंडी उखळात कुटायचे आणि मग जात्यावर दळायचे. एकटीने ते होण्यासारखं नव्हतं. तिने गोदूबाईला निम्म्यात घेतलं. दोघी जात्याच्या दोन बाजूंना बसत. हातांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. तपकिरी धूळ नखांत अशी बसली की साबणाने जाईना. महिन्याच्या शेवटी गोपीनाथ हातगाडी घेऊन यायचा, तीन गोण्या न्यायचा आणि तीन रिकाम्या परत द्यायचा. सहा महिने असे गेले.

इकडे खानावळीत मसाला कुटणारी बाई बाळंतपणाला गेली, तेव्हापासून विमलाबाई बाजारपेठेतल्या एका दुकानातून तयार गरम मसाला आणायला लागल्या होत्या. एक दिवस रेल्वेतल्या एका कारकुनाने आमटीचा घास तोंडात घोळवला आणि ताट पुढे सरकवलं.

“विमलाबाई, आमटीत वाळू पडलीय का? दातांखाली कचकचतंय.”

दुसरा म्हणाला, “आजचंच नाही. महिना झाला, मी बोललो नाही एवढंच.”

विमलाबाईंनी मसाल्याचा डबा उघडला, चिमूट बोटांत चोळून पाहिली. मग त्यांची नजर वाटणाच्या पाट्याशी बसलेल्या सखुबाईच्या हातांवर गेली. नखांत तपकिरी धूळ. डब्यातही तसलाच रंग.

“सखू, तू घरी ते काय दळतेस ना?”

“व्हय बाई. करवंट्यांची भुकटी. पण ती मी इथं कशाला आणू?”

“हातावरून आली असेल. नाहीतर मुद्दाम टाकली असशील आणि डब्यातला मसाला घरी नेत असशील. मला काय ठाऊक?”

कुणी तिच्या बाजूने बोललं नाही. तीन वर्षं तिच्या हातचं वाटण खाल्लेली माणसं ताटाकडे बघत बसली.

“उद्यापासून येऊ नकोस,” विमलाबाई म्हणाल्या.

सखुबाईने हात धुतले. निघताना उघड्या डब्यातली मसाल्याची मूठ पदराच्या टोकात बांधली. विमलाबाईंनी ते पाहिलं आणि “बघा,” एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन तिने चूल पेटवली. एक निखारा बाहेर ओढला आणि त्यावर मसाल्याची चिमूट सोडली. आधी दालचिनीचा वास आला, मग लवंगेचा. तो विरला आणि खालून दुसराच वास उठला. गोडसर, करपट, तेलकट. तिने आणखी एक चिमूट टाकली. पुन्हा तोच. वस्तीला हा वास कशाचा ते कळत नव्हतं, पण इतके दिवस खड्ड्याशी बसलेल्या सखुबाईला तो कुठेही कळला असता. आपलीच भुकटी फिरून आपल्या पाट्यापर्यंत आली होती.

तिच्या डोक्यात पहिलं नाव आलं ते गोदूबाईचं. आपण खानावळीत असताना घरी भुकटीपाशी हीच असते. दुकानदाराला परस्पर विकत असेल तर? ती तडक शेजारी गेली.

“गोदू, आपल्या भुकटीतली कुणाला दिलीस काय कधी?”

गोदूबाई नवऱ्याची छाती शेकत होती. तिने वळून पाहिलं. प्रश्न नीट कळायला तिला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर तिचा चेहरा उतरला.

“घर उघडंच हाय,” ती म्हणाली. “आत ये. हुडक.”

सखुबाई उंबऱ्यात उभी राहिली. आत गेली नाही, पण शब्दही मागे घेतला नाही. परत येऊन ती गोपीनाथने दिलेल्या रिकाम्या गोण्यांपाशी बसली. कधी नव्हे ते तिने एकेक गोणी उलटी केली आणि तोंड आत घालून हुंगली. एकीला इस्पितळातल्या फिनेलसारखा उग्र दर्प होता, आणि तिच्यावर निळ्या शाईचा शिक्का होता. उरलेल्या दोन्हींवर शिक्का नव्हता. त्यांना लवंगेचा वास येत होता.

ती पुन्हा गोदूबाईकडे गेली, दोन्ही गोण्या तिच्यापुढे टाकल्या. “हुंग,” म्हणाली. गोदूबाईने हुंगलं.

“मेल्यानं आपल्या हातून लोकांना लाकूड चारलं गं!” गोदूबाई म्हणाली. “चल, पोलिसात सांगू.”

“कुणाला? त्या हवालदाराला? भुकटी माझी, जातं माझं, नखं माझी. पयली आत जाईन ती मीच.”

हेमाने शिक्का वाचून दाखवला: बटणांचा कारखाना, टेंभी नाका, ठाणे. सखुबाईने हेमाला तो पुन्हा वाचायला लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ठाण्याला उतरली आणि विचारत विचारत टेंभी नाक्यामागच्या पत्र्याच्या शेडपाशी पोचली. त्या गोणीचाच दर्प बाहेरपर्यंत येत होता. कारखान्याचे मालक त्र्यंबकराव बाहेर आले. धोतर, काळा कोट, जाड भिंगांचा चष्मा. पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे.

“कोण आपण?”

“करवंटीची भुकटी मी करते. कल्याणची.”

“तुम्ही करता?” त्र्यंबकरावांनी चष्मा वर सरकवला. “अहो, गोपीनाथ तर म्हणतो, त्याची स्वतःची गिरणी आहे!”

“तुमी महिन्याला किती घेता?”

“एक गोणी. जास्त लागत नाही आम्हाला. का हो?”

हा माणूस खरा की गोपीनाथचाच जोडीदार, हे सखुबाईला अजून ठरवायचं होतं. “माझी भुकटी कुठं घालता, ते मला दाखवा,” ती म्हणाली.

त्र्यंबकरावांना गंमत वाटली, पण त्यांनी तिला आत नेलं. राळेच्या पुडीत मिसळलेली तिची भुकटी, वरून काजळी, मग तापलेला साचा, वरचा दाब. साचा उघडला तेव्हा एका वेळी बारा बटणं निघाली, काळी, चकचकीत. एक त्यांनी तिच्या हातावर ठेवलं. अजून गरम होतं.

“नुसती राळ महाग पडते आणि ठिसूळही होते,” ते सांगत होते. “भुकटीने माल भरतो, बळकट होतो. तुमची भुकटी फार एकसारखी असते बरं का. फक्त ती भाजता कशाला, ते मला कळलं नाही. आम्हाला त्याची गरज नाही.”

“बटणं काळीच करता?”

“बटणं, मुठी, सगळं काळंच.”

“मग करवंटीचा कोळसा बारीक करून मीच आत घातला तर? गोणीत?”

“थोडा चालेल. शेरामागे मूठभर. काजळी तेवढी कमी घालीन. पाठवून बघा.”

यापलीकडे ती बोलली नाही. गोण्यांचं, मसाल्याचं, खानावळीचं, काहीच नाही.

महिनाअखेर गोपीनाथ आला. तीन गोण्या तोंड शिवून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. त्याने सवयीने एकीच्या शिवणीत बोट घातलं आणि बाहेर काढलं तर बोट काळं.

“हे काय केलंत?”

“कोळसा घातलाय. कारखान्याचा माल काळाच असतो ना? त्यांची काजळी वाचेल.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“वाईट झालं काय?”

गोपीनाथने दुसरी गोणी उसवली, मग तिसरी. सगळ्या काळ्या. “एक चालेल,” तो म्हणाला. “दोन मला पहिल्यासारख्या पाहिजेत. तांबूस.”

“का? त्या दोन कुठल्या कारखान्यात जातात?”

जात्याशी बसलेली गोदूबाई उठून दारात येऊन उभी राहिली होती. गोपीनाथने दोघींकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“मावशी, तुमच्यावर आधीच पोलिसांचं लक्ष आहे. मी जाऊन दोन शब्द बोललो ना...”

“बोला की. येतील, खड्डा उघडतील. मग मी त्यांच्या नाकाला ह्या गोण्या लावीन,” तिने कोपऱ्यातल्या दोन रिकाम्या गोण्या पुढे केल्या, “आन् इचारीन, बटणांना लवंगेचा वास कसा येतो?”

हे ती उसन्या धाडसाने बोलली. हवालदार कुणाचं ऐकेल हे तिला चांगलं माहीत होतं. गोपीनाथ मात्र छत्री उचलून निघाला. हातगाडीवाल्याला रिकाम्या हाताने परत नेलं. एकही गोणी त्याने घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला सखुबाई खानावळीच्या दारात उभी राहिली. हातात खापरावर दोन निखारे.

“बाई, मला कामावर घेऊ नका. पण हे बघा.” तिने एका निखाऱ्यावर आपल्या भुकटीची चिमूट टाकली, दुसऱ्यावर विमलाबाईंच्या डब्यातल्या मसाल्याची. दोन्ही धूर विमलाबाईंच्या नाकाशी नेले. मग त्या कारकुनाच्या. कारकून म्हणाला, “सारखाच आहे हो.”

विमलाबाईंनी दुकानाचं नाव घेऊन एक सणसणीत शिवी दिली आणि अख्खा डबा उकिरड्यावर ओतला. पण सखुबाई निघाली तेव्हा तिच्या मागोमाग ओसरीपर्यंत आल्या.

“सखू, तू खरी आहेस. पण आता परत ये म्हणता येत नाही गं मला. लोकांच्या मनात बसलंय. तुझे हात दिसले की घास उतरायचा नाही त्यांच्या घशाखाली.” मग म्हणाल्या, “करवंट्या मात्र ने. कधीही ने.”

सखुबाईला ते लागलं. दिराने फसवलं तेव्हा आलं नव्हतं, ते पाणी त्या दिवशी पारनाक्यावरून येताना डोळ्यांत आलं.

बोभाटा व्हायचा तो झाला. विमलाबाईंनी आणखी दोन खानावळींत सांगितलं. नगरपालिकेचा माणूस दुकानातून नमुने घेऊन गेला. दुकानदाराने गोपीनाथकडे बोट दाखवलं. गोपीनाथ कल्याणात पुन्हा दिसला नाही. भिवंडीला गेला असं कुणी म्हणे, कुणी सुरत म्हणे. हवालदार एकदा आला, गोण्या हुंगल्या आणि निघून गेला. वस्तीत काहीजण म्हणत राहिले की सखूही त्यात सामील होती, वाटणीवरून फिसकटलं म्हणून बोलली. ते तिच्याही कानावर आलं.

काळी भुकटी त्र्यंबकरावांना पसंत पडली. आता सखुबाई आणि गोदूबाई आलटून पालटून स्वतः गोणी ठाण्याला पोचवू लागल्या. वर्षभराने त्र्यंबकराव वालधुनीला आले, दोघींचे हात पाहिले आणि ओशाळून म्हणाले, “हे सगळं जात्यावर?” त्यांनी एक जुनी दळणाची चक्की पाठवायचं ठरवलं, बदल्यात सगळी भुकटी त्यांनाच द्यायची. कागद झाला. सखुबाईने तो हेमाकडून वाचून घेतला, मग सोनारांकडून, मग एका अनोळखी मास्तरांकडून. त्र्यंबकराव दीड महिना थांबले. एकदाही रागावले नाहीत. पुढे चक्कीवर वस्तीतल्या आणखी तिघी आल्या. मुठींसाठी दोन गोण्या जायला लागल्या, काथ्याचे दोर वळून खाडीवरच्या होडीवाल्यांना जायला लागले.

गोदूबाई त्या दिवशीचा प्रश्न विसरली नव्हती. ती कामात कमी पडली नाही, पण जात्याशी बसून पूर्वी ज्या गप्पा चालत त्या थांबल्या. सखुबाईला ते कळत होतं. माफी कशी मागतात, ते तिला जमत नव्हतं.

पंचावन्नच्या श्रावणात सखुबाईला विषमज्वराने गाठलं. तीन आठवडे ती खाटेवर होती, त्यातला एक आठवडा शुद्धीतच नव्हती. गोदूबाईने खड्डा लावला, उघडला, चक्की चालवली, ठाण्याला माल पोचवला, आणि मधल्या वेळेत हिला पेज भरवली. एका सकाळी सखुबाई भिंतीला धरून उठली आणि पहिल्यांदा मागे खड्ड्याकडे गेली. पत्र्याच्या कडा बोटाने दाबून पाहिल्या. मग चक्कीच्या शेडमध्ये जाऊन गोण्यांची तोंडं उघडली, हात आत घातला, भुकटी बोटांत चोळली. शेवटी कोपऱ्यातल्या करवंट्यांचा ढीगही नजरेने मापला.

सगळं जिथल्या तिथे होतं.

गोदूबाई दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

“बघून झालं?” तिने विचारलं.

“झालं,” सखुबाई म्हणाली. मग म्हणाली, “गोदू, तवा मी इचारलं ते चुकलं माझं.”

“आता आठवलं व्हय तुला!” गोदूबाई म्हणाली, आणि तिच्या काखेत हात घालून तिला चुलीपाशी घेऊन गेली. चहा झाला होता. दोघींनी तो बशीत ओतून घेतला, आणि बऱ्याच वर्षांनी गोदूबाई हेमाच्या लग्नाचं बोलायला लागली.